उजेड असा पाडा

रात्री गाडी चालवताना नीट दिसत नाही? चुकूनही हेडलाइटची काच तपासू नका. नागपूरच्या उन्हानं ते प्लॅस्टिक पिवळं पडलंय, आतला बल्ब बिचारा आपले ५५ वॅट इमानदारीनं जाळतोय, असं निघालं तर नुसत्या पॉलिशवर काम भागेल. मग मित्रांना दाखवायचं काय?

सरळ दुकानात जा आणि हॅलोजनच्या जागी एलईडी मागा. खाच जुळली की बसला. रिफ्लेक्टरचा सगळा हिशोब फिलामेंट नेमकं कुठे आहे यावर असतो, एलईडीची चिप त्या जागेवरून जराशी हलली की उजेड रस्ता सोडून झाडांवर नि समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हे बारकावे इंजिनिअर लोकांचे. त्यांना काही काम नको का?

रंग निळसरच हवा. ३२०० केल्विनचा पिवळट उजेड आजोबांच्या फियाटला ठीक, तुम्ही आठ हजार केल्विनचा मागा. केल्विन हे रंगाचं माप, उजेडाचं नव्हे, हे काउंटरवरच्या पोराला माहीत असतं. तुम्ही विचारत नाही, तो सांगत नाही. जुलैत वर्धा रोडवर झड लागली की तो पांढराफट उजेड थेंबांवरून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. पैसे आपले, तर उजेडही आपल्यालाच.

हॅलोजनच घ्यायचा तर १००/९० वॅटचा, म्हणजे अप्परला १००, डिप्परला ९०. 'वायरिंग ६०/५५ची आहे, बॅटरीतून थेट करंट देणारा रिले टाकून घ्या,' असं माझा मेकॅनिक म्हणाला होता. मी म्हटलं, "काहून खर्चात पाडतं बे?" आठव्या दिवशी होल्डर वितळून बल्बला असा चिकटला, की दोघे जोडीनंच बाहेर आले. आणि हो, बसवताना बल्ब काचेलाच धरा. बोटांचं तेल तापतं, काच तिथेच दगा देते, दुकानदाराच्याही घरी चूल पेटते.

खोक्यावर कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त असेल, तर तेवढं फुकट समजा. पार्ट नंबर जुळवणं, बिल मागणं हा संशयी स्वभाव झाला. "ओरिजनलच आहे भाऊ, फक्त ठप्पा नाही," यापेक्षा मोठी गॅरंटी कोणती? माझ्याकडे दोन आहेत.

परवा त्रिमूर्तीनगरच्या एका गल्लीत समोरून एक जण आला, माझ्याहून निळा. दोघंही जागच्या जागी थांबलो.

"डिप्पर मार नं बे!" तो ओरडला.

"डिप्परच आहे नं बावा!"


"माह्याबी डिप्परच आहे!"