होकारार्थी डुलकी

दुपारी अडीचच्या बैठकीत व्यवस्थापकसाहेबांनी काहीतरी विचारले आणि माझी मान दोनदा सावकाश खाली झुकली. प्रत्यक्षात मी तेव्हा डुलकीत होतो. आमच्या सहकारी बँकेच्या इतिवृत्तात मात्र 'थकीत कर्जवसुलीच्या मोहिमेची जबाबदारी यांनी आनंदाने स्वीकारली' अशी नोंद झाली. त्यातल्या 'आनंदाने' या शब्दाचा मला अजूनही राग येतो.

आपल्याला एखादा भारदस्त आजार असावा, अशी आशा बाळगून मी डॉक्टरांकडे गेलो. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि आम्हा शाकाहारी मंडळींना वारंवार दगा देणारे बी-१२ या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि अहवाल निर्दोष आले. मी घोरत नाही, अशी साक्षही सौभाग्यवतींनी काहीशा नाइलाजाने दिली. मग डॉक्टरांनी झोपेच्या वेळा विचारल्या. मोबाइल हातातून सुटता सुटता दीड वाजतो आणि साडेसहाला उठावे लागते, हे ऐकून ते म्हणाले, "प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. तुम्ही रोज दोन तास बुडवता. अहो, बँकेत आहात ना?"

म्हणजे वसुलीप्रमुख स्वतःच थकबाकीदार निघाला होता! जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते, त्याने झोपेचा दाब वाढतो आणि झोपल्यावर ते ओसरते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. चहातले कॅफीन ही थकबाकी फेडत नाही. ते केवळ दारात उभे राहून नोटीस घ्यायला नकार देते. शिवाय अंगातले निम्मे कॅफीन उतरायला सुमारे पाच तास लागत असल्याने माझा संध्याकाळी सातचा कप रात्री बारालाही अर्धा शिल्लक असे. परिणामी दुपारी दोननंतरचा चहा बंद झाला. साडेतीनला साहेबांच्या टेबलावरून येणारा आल्याचा वास सहन करत व्याजाची आकारणी कशी करावी, हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

रात्री मोबाइलची रवानगी पिठाच्या डब्यामागे होऊ लागली. पहिला आठवडा मी साडेदहापासून पंख्याची पाती मोजण्यात घालवला. ती तीनच असल्यामुळे करमणूक फार टिकली नाही. सकाळच्या उन्हाने शरीराचे घड्याळ वेळेवर राहते म्हणून फिरणेही सुरू झाले. या घड्याळाची यंत्रणा फळमाश्यांवरील प्रयोगांतून उलगडल्याबद्दल हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले, हे मी घरी कौतुकाने सांगितले. "माशीलासुद्धा झोपायची वेळ कळते," एवढाच सारांश सौभाग्यवतींनी काढला आणि तो अद्याप रोज ऐकवला जातो.

डब्यातला भाताचा डोंगर ओसरून त्या जागी भाकरी, उसळ आणि काकडी आली. दुपारची सुस्ती काही केवळ जेवणामुळे येत नाही, ती घड्याळातच असते. परंतु भरपेट भात तिला अंथरूण घालून देतो, हे मला मान्य करावे लागले. वामकुक्षीचा विषय निघाला तेव्हा आयुर्वेदाची आवड असलेल्या शेजारच्या काउंटरवरील सहकाऱ्याने एक अनमोल माहिती पुरवली. दिवसाची झोप उन्हाळा वगळता एरवी निषिद्ध मानली असली, तरी बसल्या जागी पेंगणे हे रात्रीच्या जागरणासारखे रूक्ष नाही आणि दिवसाच्या झोपेसारखे स्निग्धही नाही, असा निर्वाळा वाग्भटांनी अष्टांगहृदयात दिला आहे. माझ्या डुलकीला एवढा प्राचीन आधार होता! इतिवृत्त लिहिणाऱ्याने मात्र वाग्भट वाचलेले नव्हते.

दीड महिन्यानंतरच्या अडीचच्या बैठकीत मी ताठ बसलो होतो आणि डोळे स्वच्छ उघडे होते. साहेबांनी वार्षिक अहवालाचे काम माझ्याकडे सोपवण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा मी पूर्ण शुद्धीत, ठामपणे नकारार्थी मान हलवली. टेबलाभोवतीच्या उरलेल्या सात माना मात्र एकामागून एक सावकाश खाली झुकल्या आणि प्रस्ताव बहुमताने मंजूर झाला.