मधमाश्यांसाठी फुलझाडं लावा. पण त्या फॉरवर्डमधली नव्हेत

"मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाइननं सांगून ठेवलंय. म्हणून आजच बाल्कनीत लॅव्हेंडर, पिटुनिया, बोगनवेल लावा. फुलं जितकी मोठी आणि भडक, तितक्या माश्या जास्त. थकलेल्या माशीला साखरपाणी द्या. कीड पडली तर कडुनिंबाचं तेल बिनधास्त मारा, ते नैसर्गिक आहे." अशा आशयाचा मजकूर सोसायट्यांच्या आणि बागप्रेमींच्या ग्रुपवर सतत फिरत असतो. त्यामागची तळमळ खरी आहे, म्हणूनच तो खोडायला हवा. लोक हौसेनं पैसे घालतात, कुंड्या फुलांनी भरतात आणि माश्यांच्या पोटात मात्र काहीच जात नाही.

आइन्स्टाइनचं आधी उरकते. त्यांच्या लेखनात किंवा भाषणांत हे वाक्य सापडत नाही. ते गेले १९५५ साली आणि वाक्य गाजलं १९९४ मध्ये, ब्रसेल्सला मधमाशीपालकांनी केलेल्या आंदोलनामुळे. शिवाय भात आणि गहू आपल्याच परागांवर धरतात, मका वाऱ्यावर. माश्या गेल्या तर ताटातली भाकरी राहील; पण काकडी, कारलं, लाल भोपळा, सूर्यफुलाचं तेल यांना मोठा फटका बसेल. एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आता "मोठी आणि भडक" फुलं. सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. मधमाशीला आपल्यासारखा लाल रंग दिसत नाही. उलट आपल्याला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात. म्हणजे आपल्या डोळ्यांत भरणारा रंग हे तिच्या जेवणाचं माप नव्हेच. तिला हवेत मध आणि पराग, आणि तेही जीभ पोचेल अशा जागी. बोगनवेलीचा रंगीत भाग म्हणजे रूप बदललेली पानं. खरं फूल आत, इवलंसं, पांढुरकं आणि चिंचोळ्या नळीचं. पिटुनियाची नळी आपल्या सातेरीसाठी, म्हणजे पोळं करून राहणाऱ्या देशी मधमाशीसाठी, फार खोल. नर्सरीत "डबल" म्हणून मिळणाऱ्या भरगच्च जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग नावापुरते उरतात. गच्च गोंड्याच्या झेंडूचंही तसंच: मधली बारीक फुलं, जिथे माशी बसून खाते, ती पाकळ्यांच्या गर्दीत हरवतात. तोच झेंडू एकेरी घ्या, मधली पिवळी चकती उघडी दिसणारा, आणि फरक बघा. कॉसमॉस, सूर्यफूल, चिनी गुलाब हीसुद्धा एकेरीच निवडा. बियांपासून सहज येतात आणि ऊन मिळालं की फार लाड मागत नाहीत.

लॅव्हेंडर हे कोरड्या हवेचं झाड. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्याची मुळं कुजतात, आणि दर वर्षी नवं रोप आणणं मला पटत नाही. त्याच कुळातली तुळस आपल्या दारात आहे. अडचण एवढीच की तुळस घनदाट राहावी म्हणून आपण मंजिऱ्या खुडत राहतो. तो सल्ला चुकीचा नाही. पण दोन रोपं ठेवा आणि एकीच्या मंजिऱ्या राहू द्या. सकाळच्या उन्हात तिच्यावर सातेरी येते, फुलोरी नावाची छोटी मधमाशी येते, डंख नसलेली डासाएवढी माशीही येते. सब्जाचंही तसंच.

स्वयंपाकघरातून आलेली झाडं तर सगळ्यात सोपी. कोथिंबीर जून होऊन फुलावर आली की उपटू नका. तिचा पांढरा फुलोरा, बडीशेपेचा आणि मोहरीचा पिवळा, हे सगळं उघडं जेवण आहे. पावसाळ्यासाठी तेरडा लावा. "तेरड्याचा रंग तीन दिवस" म्हणत आपण त्याला हिणवतो, पण त्याच्या मागच्या वाकड्या नळीत मध असतो आणि निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी त्यासाठी येते. वांग्याच्या फुलात मध नसतो. पराग टोकाच्या बारीक भोकातून हलवून काढावे लागतात. हीच निळ्या पट्ट्यांची माशी आणि काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतात, तेव्हा ते झडतात. सातेरीला ही कला येत नाही. म्हणून "मधमाश्या" म्हणताना फक्त पोळ्यातल्या माश्या डोळ्यांसमोर ठेवू नका. आणि एकेक रोप विखरून ठेवण्यापेक्षा एकाच जातीच्या तीन-चार कुंड्या शेजारी ठेवा, कारण मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीची फुलं धरते.

साखरपाण्याचा सल्ला २०१८ मध्ये निसर्गपटांचे ब्रिटिश निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या नावानं फेसबुकवर पसरला. ती पोस्ट बनावट निघाली. उघड्या वाटीवर वेगवेगळ्या पोळ्यांतल्या माश्या जमल्या की रोगाला वाट मिळते. सातेरीची तर जास्तच काळजी घ्यायला हवी: १९९०च्या दशकात थाई सॅकब्रूड या विषाणूनं दक्षिण भारतात तिच्या असंख्य वसाहती संपवल्या. चैत्र-वैशाखात द्यायचंच तर साधं पाणी द्या. उथळ थाळीत खडे टाका, म्हणजे बुडणार नाहीत, आणि पाणी रोज बदला.

राहिलं कडुनिंबाचं तेल. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नसतं. तेलाचा फवारा अंगावर पडलेली माशी मरू शकते. मारायचंच तर सूर्य मावळल्यावर, माश्या परतल्यावर, आणि फुलं सोडून फक्त पानांवर मारा. त्याहून मोठा धोका इमिडाक्लोप्रिडसारख्या रासायनिक कीटकनाशकाचा आहे. ते झाडात भिनतं आणि मधापर्यंत, परागापर्यंत पोचतं; युरोपीय संघानं २०१८ मध्ये त्याचा उघड्या शेतातला वापर बंद केला. नर्सरीतून फुललेलं रोप आणताना त्यावर काय मारलंय हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर आलेली फुलं खुडून टाका किंवा सरळ बियांपासून रोप करा.