ईपीसी 'डी', माळा बंद

इंग्लंडमधल्या लेस्टरला भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा एजंटने ईपीसी पुढे केला. घराचं ऊर्जा प्रमाणपत्र. हिरव्यापासून लालपर्यंत पट्टे, अगदी आपल्या फ्रिजवरच्या स्टारसारखं. ए सगळ्यात चांगलं, जी सगळ्यात वाईट, आमचं डी. म्हटलं, आपण जन्माचे सेकंड क्लासवाले, चालवून घेऊ.

नोव्हेंबरात कपाटामागे काळी बुरशी धरली. आईने हौसेने दिलेल्या गोधड्या सोफ्यावर शोभेला ठेवल्या होत्या, त्या तिन्ही अंगावर आल्या.

मग तो कागद नीट वाचला. (सरकारी वेबसाइटवर पत्ता टाकला की कुणालाही दिसतो. घर घेण्याआधी बघाच.) छपरापुढे लिहिलं होतं: इन्सुलेशन (घरातली ऊब अडवणारा थर) आहे, असं गृहीत. गृहीत का? तर माळ्याचं झाकण रंगाने चिकटलेलं, तपासनीसाने उघडलंच नसणार. जिथे दिसत नाही तिथे घराच्या वयावरून अंदाज बांधायची मुभा आहे. मार्चमध्ये मी सुरी फिरवून ते झाकण उघडलं. आत जेमतेम दोन बोटं जाडीचा, दबून सपाट झालेला थर. हल्ली २७० मिलिमीटर हवा म्हणतात.

दुसरी गंमत म्हणजे हा दर्जा मीटरवरून ठरतच नाही. ठरीव पद्धतीने राहणारं एक कुटुंब कल्पून त्याचा इंधनखर्च काढतात. इथे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग, त्यामुळे गॅसचा बॉयलर काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं, विजेवर चालणारं यंत्र) बसवणाऱ्याचा दर्जा कधीकधी उलट घसरतो!

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने सुधारणेचा प्रस्ताव मांडला. एकाच अक्षरावर भिस्त न ठेवता खर्च, भिंती-छप्पर-खिडक्या, हीटिंगची व्यवस्था आणि स्मार्ट सोयी यांचे वेगवेगळे आकडे द्यायचे. माझा पाठिंबा आहे. पण चारही आकडे 'गृहीत'वरच उभे राहणार असतील तर एका थापेच्या जागी चार थापा. २०२० पासून ई-च्या खालचं घर काही अपवाद सोडता भाड्याने देता येत नाही, आता २०३० पर्यंत सी करायचं घाटतंय. अक्षराला एवढी किंमत आली की अंदाज कुणाच्या बाजूने झुकेल? तपासनीसाचे पैसे तर घरमालकच देतो. माझं म्हणणं साधं आहे: माळा उघडा, फोटो जोडा. उघडला नाही तर इन्सुलेशन शून्य धरा. बघा कशी भराभर झाकणं उघडतात!

मीटरचं रीडिंग लावा म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. शेजारच्या आजी एका खोलीत एकच हीटर लावून बसतात, त्या हिशोबाने त्यांचं घर ए ठरेल. त्यापेक्षा रात्री हीटिंग बंद केल्यावर घराचं तापमान किती उतरतं ते मोजा. आमचं मी साध्या थर्मामीटरने मोजलं. झोपताना १९ अंश, सकाळी सहाला ११.

माळ्याचा फोटो घरमालकाला पाठवला. उत्तर आलं, "पण सर्टिफिकेटची दहा वर्षं अजून संपली नाहीत ना?"