पाझर तलाव गळका नसतो, मामा

‘पाझरणे म्हणजे गळणे. पाझर तलाव म्हणजे गळका तलाव. तळाशी प्लास्टिक अंथरून घ्या!’ शुद्ध मराठीच्या नावाखाली फिरणारा हा मेसेज मामांकडून आला. सोबत प्रश्न : ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा का? अजिबात नको.

गळतं ते भोकातून, फटीतून. पाझरतं ते अंगभर असलेल्या बारीक छिद्रांतून. नवा माठ पाझरतो, म्हणून तर पाणी गार होतं. तडा गेला की तो गळतो. जुन्या माठाची छिद्रं क्षार बसून बुजतात, मग पाणी गार होईनासं होतं.

तलावाचंही तेच. पाझर तलाव बांधतातच पाणी जमिनीत जिरवायला. 1972 च्या दुष्काळात रोजगाराची कामं म्हणून असे कितीतरी झाले. जागा निवडताना खाली मुरूम किंवा भेगाळ खडक बघतात, म्हणजे पाणी झिरपून बांधाखालच्या विहिरींना पाझर फुटतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या मार्गदर्शिकेत तर स्वच्छ लिहिलंय की अशा तलावात फेब्रुवारीनंतर सहसा पाणी राहू नये. पुढे उन्हं तापतात, उरलेल्याची वाफच होते. म्हणजे होळीला तलाव कोरडा दिसला तर तो चोख काम करतोय. मे महिन्यातही निम्मा भरलेला असला, तर बहुधा तळाशी गाळ बसलाय; तो उपसा. प्लास्टिक शेततळ्याला लावतात, कारण तिथे पाणी साठवायचं असतं. पाझर तलावात ते अंथरलंत, तर खालच्या शिवारातल्या विहिरी आटतील. शुद्ध मराठीपायी!

एवढं मान्य, की बांध खरोखरच गळू शकतो. पायथ्याशी ओल किंवा थोडं नितळ पाणी दिसलं तर घाबरायचं कारण नाही. पाणी गढूळ यायला लागलं आणि धार वाढत चालली, तर भरावाची माती आतून वाहून जातेय. त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा.

मेसेजमधले बाकीचे मुद्दे किरकोळ. ‘झिरपणे हिंदीतून आलं’ म्हणे. हिंदीवाले रिसना म्हणतात, आणि झिरपणे मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात आहे. ‘पाझरणे आणि झिरपणे एकच’ हे जवळजवळ खरं. पण माठही पाझरतो आणि पाणीही पाझरतं, झिरपतं मात्र सहसा पाणीच. ‘स्रवणे फक्त शरीरापुरतं’? मग बाभळीतून डिंक स्रवतो त्याचं काय करायचं?