व्यवसाय : बाईसोबत

परवा आमच्या नव्या गावच्या पोलीस पाटलांनी माझ्या भाडेकरू-माहितीच्या फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यासमोर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं : 'बाईसोबत'. मी म्हटलं, अहो पाटील, हा व्यवसाय नाही. ते म्हणाले, "मंग काय लिहू, तुमीच सांगा." मी सांगितलं, एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी माहितीपुस्तिका लिहितो, घरूनच. त्यांनी पेन टेकवलं, रकान्याची लांबी नजरेनं मोजली आणि "इतकं बसत नाई जी" म्हणून फॉर्म घडी करून खिशात टाकला. आता तो पोलीस ठाण्यात फायलीला लागलाय. नागपूरपासून मुंबईपर्यंत कुणीही माझी चौकशी केली, तर सरकारदरबारी मी बाईसोबत आहे.

झालं असं की बायकोला वर्धा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक मिळाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथंच राहायचंय आणि तिथली पोरं मोबाइलवर सगळं वाचतात. केंद्राच्या आवारात डॉक्टरांसाठी क्वार्टर आहे. कागदावर ते राहण्यायोग्य आहे. प्रत्यक्षात त्याच्या छतावर पिंपळाची चांगली दोन माणूस उंच फांदी आली आहे आणि स्वयंपाकघरात लसीकरणाचे जुने बॅनर रचून ठेवलेत. मग इतर डॉक्टर राहतात कुठे? वर्ध्याला. अपडाऊन करतात. मुख्यालयी राहायचं असा नियम असतो आणि तो सगळ्यांना पाठ असतो. माझी बायको मात्र नियम पाठ करून न थांबता पाळणाऱ्यांपैकी आहे. तेव्हा गावातच घर शोधायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण मी 'तसाही घरीच असतो'. हे गावकऱ्यांच्या आधी तीच म्हणाली होती.

पुण्यात घर शोधायला ब्रोकर लागतो. इथं मारुतीच्या देवळासमोरचा ओटा लागतो. मी बाइक उभी करून "इथं भाड्यानं खोली मिळेल का?" एवढंच विचारलं आणि ओट्यावरचे चार जण एका बाजूला सरकले. मधे उरले आबाजी. पांढरी टोपी, बंडी, आणि हातात खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पन्नी. ती ते तळहातावर असे घोटत होते की समोरच्याला वाटावं, आपलं प्रकरण त्या पन्नीतच निकाली निघणार आहे.

"कोन गावचे?"

"पुण्याचे."

"इकडं कसे?"

"बायको डॉक्टर आहे. इथल्या दवाखान्यात आलीय."

"हाव, बाईचं समजलं. तुमी कायले आले?"

"मी तिच्याबरोबर."

"थे दिसतेच. पन कायले?"

मी घरून कामाचं सांगितलं. आबाजींनी पन्नी घोटणं थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची कणव आली, आणि मला त्या दिवशी सगळ्यात जास्त झोंबली ती हीच. आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "पुन्याची नोकरी सुटली का?"

"नाही हो. तीच नोकरी इथून करतो."

"तब्येतीचं काई?"

"नाही."

"दारू?"

ओट्यावरचा एक तरुण मदतीला आला. "आबाजी, आजकाल लॅपटॉपवर करते लोकं घरून." आबाजी म्हणाले, "मले नको सांगू. माह्या भाच्याचा पोट्टा बी घरूनच करते. चार वर्सं झाले. स्पर्धा परीक्षा." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, "होऊन जाईन. तुमचं बी होऊन जाईन."

यानंतर आबाजी माझ्यासोबत घरं पाहायला निघाले. मी बोलावलं नव्हतं. पण त्यांनी नुसतं "चाला" म्हटलं आणि मी चाललो.

पहिलं घर जुन्या गावठाणातलं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं, आत शिरताच अंगावरचं ऊन उतरल्यासारखं गार. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे मी तिथल्या तिथे हो म्हणणार होतो. आबाजी मालकादेखत म्हणाले, "थंडगार हाये. पन वांदरं कवेलू फोडते." मालक म्हणाला, "फोडते ना, म्हनून तर पत्रे टाकतो या साली." आबाजी म्हणाले, "पत्रे टाकले का थंडगार राह्यत नाई." मालक म्हणाला, "मंग नाई टाकत." आबाजी म्हणाले, "मंग वांदरं फोडते." ही चर्चा माझ्या येण्यामुळे सुरू झाली नसावी. दोघांचाही तिच्यात चांगला हात बसलेला होता.

तेवढ्यात आतून मालकाची म्हातारी आई आली. पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि आडनाव विचारलं. माझं आडनाव असं आहे की त्यावरून काही उमगत नाही. (इथंही सांगत नाही. तुम्हीही लगेच तेच हुडकायला लागाल.) आडनावातून निघालं नाही म्हणून तिनं मूळ गाव विचारलं, मग कुलदैवत, मग घरी कोंबडी-बकरं खाता का, मग बायकोचं माहेरचं आडनाव. हे सगळं इतक्या मायेनं की रागावता येईना. आबाजी इतका वेळ बोलत होते, पण आता ओसरीच्या खांबाकडे बघत एकदम गप्प. म्हातारीचा शोध पुरा झाला नाही, आणि "लेकाले विचारून सांगतो" असं ती लेकाच्या समोर म्हणाली. बाहेर आल्यावर आबाजी म्हणाले, "तशी मानसं चांगली हायेत." असतीलही. पुण्यात ब्रोकर हेच फोनवर विचारतो, फक्त पाण्याचा ग्लास न देता. पण बायको तिथं रात्री-अपरात्री ज्यांच्या घरची बाळंतपणं करणार, ते आधी तिचं कुलदैवत तपासणार, हे काही मला हसण्यावारी नेता येत नाही. मी नेण्याचा प्रयत्नही करत नाही.

दुसरं घर ले-आउटमधलं, नवं, स्लॅबचं. खाली काळी माती. कपाशीला ती सोन्यासारखी, घराला मात्र वैरीण. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं घर बिचारं दरवर्षी तिच्यासोबत खालीवर होतं. पाया पुरेसा खोल नेला नसेल तर भिंती बोलायला लागतात. मालकानं हॉल दाखवला, किचन दाखवलं, कूलर लावायची खिडकी दोनदा दाखवली. बेडरूमच्या भिंतीवर, कुणी लावणार नाही अशा जागी, जवळजवळ जमिनीपासून हातभर वर, तिरुपती बालाजीचं कॅलेंडर होतं. गेल्या सालचं.

आबाजींनी कॅलेंडरला हात जोडले आणि मग ते उचललं.

मागे भेग होती. कोपऱ्यातून निघून कॅलेंडरच्या मापानं तिरपी गेलेली. मालक म्हणाला, "पलस्तराची हाये, वरवरची." आबाजींनी बंडीच्या खिशातून दहाचं नाणं काढलं, भेगेत उभं धरलं आणि बोटानं ढकललं. नाणं गेलं. आम्ही तिघंही कान देऊन ऐकत होतो. बऱ्याच वेळानं कुठंतरी खाली खट् झालं.

"वरवरची हाये," आबाजी म्हणाले. मग मालकापुढे हात पसरला. "दे."

"काय?"

"दहा रुपये. तुह्या भिंतीनं खाल्ले."

मालक म्हणाला, मी थोडंच टाकायला सांगितलं होतं. आबाजी म्हणाले, वरवरची असती तर पैसा वरच राह्यला असता. यावरून दोघांत जे जुंपलं त्यात 2013 सालच्या अतिवृष्टीत कुणाच्या बैलबंडीनं कुणाचा धुरा, म्हणजे बांध, मोडला इथपर्यंत गोष्ट मागे गेली. शेवटी मी खिशातून दहाची नोट काढून आबाजींना दिली. त्यांनी ती घेतली. म्हणजे ज्या घरात मी राहणार नव्हतो, त्या घराच्या भिंतीला दहा रुपये मी दिले.

तिसरी जागा कृषी केंद्राच्या वरची खोली. जिन्यातच फवारणीच्या औषधांचा वास घशाशी आला. मालक म्हणाला सवय होते. बायकोनं फोनवर एका वाक्यात नाही म्हणून सांगितलं. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतकरी-शेतमजूर गेले, ते तिनं तेव्हा शिकत असताना वाचलं होतं. त्या वासाची सवय होते हीच तर तिची भीती.

मग आबाजींना कल्पना सुचली : गावाबाहेर वावरात घर बांधलेलं एक आहे, रिकामं आहे, हवा भरपूर. मी विचारलं, लाइट? "शेतीची लाइन हाये. येते रात्री." पाणी? "लाइट आली का येते." जनावरं वगैरे? आबाजींनी खर्रा गालात सरकवला. "रोही येते, डुकरं येते. वाघ येते, पन रोज नाई." या जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या लहान प्रकल्पांपैकी एक. प्रकल्प लहान असला तरी वाघ पूर्ण मापाचा असतो. मी नको म्हटल्यावर आबाजींना वाटलं भाड्यावर अडलंय. म्हणाले, "तं मंग वावरच घेऊन टाका ना." आता याला काय सांगणार, की ज्याच्या नावावर शेती नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि आमच्या आजोबांनी ती विकून पुण्यात वन रूम किचन घेतलं होतं. ज्यांच्याकडे आहे त्यांना ती सोडून पुण्याला जायचंय. आबाजींचाच नातू हिंजवडीत आहे. त्यांना विचारलं, तो कुठं राहतो? "थे काई विचारू नका. चार पोट्टे एका खोलीत." इथं मात्र कणव दाखवायची पाळी माझी होती, पण मला तेवढी सफाईनं जमली नाही.

दमून आम्ही परत ओट्यावर आलो. मला थोडा राग आला होता, म्हणून मी भाषण केलं. म्हटलं, आबाजी, इथं यायला माणूस वेडाच असावा लागतो का? गांधीजी नाही का आले? 1936 साली वर्धा सोडून जवळच्याच शेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. रस्ता धड नव्हता, त्याच वर्षी मलेरियानं आजारी पडले, तरी राहिले. टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायला लागलं तेव्हा 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम केलं, पण गाव सोडलं नाही.

ओट्यावर शांतता पसरली. मला वाटलं, जिंकलो.

आबाजी म्हणाले, "त्याईले जागा शेठ जमनालालजी बजाजनं देल्ली. तुमाले कोन देते?"

दुसरा म्हणाला, "अन् थे बाईच्या नोकरीवर नोते आले."

तिसऱ्यानं सेवाग्रामला बापूकुटीत ठेवलेला साप धरायचा चिमटा पाहिलेला होता. तो म्हणाला, "चिमटा घेऊन ठेवा मात्र. पावसाळ्यात लागते." त्या भाषणातून माझ्या हाती एवढाच व्यवहारी सल्ला लागला.

घर शेवटी मिळालं ते असं. एक निवृत्त गुरुजी ओट्यासमोरून सायकल हातात धरून चालले होते. त्यांनी ऐकलं, थांबले, आणि आबाजींना विचारलं, "बाई डॉक्टर हाये ना?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मागच्या दोन खोल्या रिकाम्या हायेत. बाईले देतो." मग माझ्याकडे पाहून, जरा विचार करून, "तुमी बी राहा." भाडं बाईंच्या हातून घेणार. गेट रात्री दहाला बंद, पण बाईंना कधीही उघडणार. बाईंच्या मागोमाग मी आलो तर? गुरुजींनी याचं उत्तर दिलं नाही. खोल्या चांगल्या आहेत. भिंती सरळ, नळाला एक दिवसाआड पाणी, कूलरच्या खिडकीला उत्तरेची बाजू. कुणीही कुलदैवत विचारलं नाही, कारण गुरुजींच्या पत्नीला साखर आहे आणि त्यांना डॉक्टर भिंतीपलीकडे हवी होती. तत्त्वापेक्षा मधुमेहाचा या बाबतीत अधिक उपयोग होतो, हे मी नोंदवून ठेवलंय.

फक्त तिथं रेंज नाही. मोरीत एक काडी येते, तीही उभं राहिल्यावर. सेवाग्रामला व्हाइसरॉयनं थेट दिल्लीशी बोलायला टेलिफोन बसवून दिला होता, तो अजून ठेवलेला आहे. मला कंपनीनं 'कृपया चांगल्या नेटवर्कमध्ये या' असा मेल पाठवला. गावात चांगलं नेटवर्क एकाच ठिकाणी आहे : देवळासमोरच्या ओट्यावर, आबाजींच्या डाव्या हाताला.

आता मी रोज अकराला लॅपटॉप घेऊन तिथं बसतो. मीटिंग पाऊण तास चालते. आबाजी पन्नी घोटत सगळी ऐकतात, मधूनमधून "हाव" म्हणतात, आणि पुण्यातल्या दोघांना तो माझा होकार वाटतो. काल मीटिंग संपल्यावर त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

"यातलं काम कोनतं होतं?"

मी म्हटलं, ते उद्या ठरणार आहे, परत मीटिंग आहे.

"मंग उद्या लॅपटॉप जरा इकडून ठेवजा," आबाजी म्हणाले. "तुमच्या सायबाचं तोंड दिसत नाई मले."