कौतुक करायचं कामही बाईनेच करायचं का?

घरातलं एखादं काम केलं की नवऱ्याने बायकोकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत राहायचं, हे मला आता मनापासून खटकतं. तसं बोलून दाखवलं की लगेच ऐकायला मिळतं, "अगं, दोन शब्द चांगले बोललीस तर काय जातं तुझं?" इथे नाशिकच्या इंदिरानगरला शेजारी, ऑफिसात डबा खाताना, माहेरी, सगळीकडे हाच सल्ला. कौतुक करत राहा, मग बघ कसा हळूहळू सगळं करायला लागतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्यांनी असंच करत संसार निभावलेत. पण मला तो पटत नाही.

एक तर, त्या दोन शब्दांना बरंच काही जातं. संध्याकाळी बाई दमून घरी येते. दोरीवरचे कपडे काढून घड्या घातलेल्या आहेत. आता ते तिच्या लक्षात आलं पाहिजे, लगेच आलं पाहिजे, आणि तिने ते खुशीत बोलूनही दाखवलं पाहिजे. पोळ्यांची कणीक भिजवायच्या नादात राहून गेलं, तर त्याचा चेहरा पडतो. मग जेवताना तो गप्प, आणि त्याला पुन्हा बोलतं करणं हेही तिच्याच माथी. म्हणजे तिचं एक काम कमी झालं आणि दुसरं वाढलं. आणि कौतुक केलं नाही तर उद्या हा करणारच नाही, ही धास्ती मनात असते ती वेगळीच. धास्तीपोटी केलेल्या कौतुकात करणारीलाही आनंद नसतो आणि ऐकणाऱ्यालाही काही खरं मिळत नाही.

दुसरं, कौतुक होतं ते दिसणाऱ्या कामाचं. मिसळीचंच घ्या. नाशिकचा रविवार म्हणजे मिसळ, आणि बाहेर जायचं नसेल तर हल्ली बऱ्याच घरांत पुरुष मंडळी हौसेने स्वतः करतात. फार चांगली गोष्ट आहे. पण मटकी शुक्रवारी रात्री निवडून भिजत घालावी लागते. शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत छान मोड येतात, पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा ती पुरचुंडी डब्यात घालून वर जाड टॉवेल गुंडाळावा लागतो, नाहीतर मटकी नुसती फुगून बसते. काळा मसाला एप्रिल-मे मध्येच करून बरणीत भरलेला असतो. फरसाण, पाव, लिंबं आदल्या दिवशी आणून ठेवायची, दही लावायचं. एवढं झाल्यावर रविवारी सकाळी तो ओट्याशी उभा राहतो, कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परततो, रस्सा उकळतो, वर तर्री येते आणि घरभर वास सुटतो. सगळे वा वा म्हणतात, फोटो फॅमिली ग्रुपवर जातो, काकापासून मामीपर्यंत सगळ्यांचे अंगठे येतात.

मिसळ उत्तमच झालेली असते, त्यात मला काही खोट काढायची नाही. पण सगळं कौतुक त्या शेवटच्या तासाच्या वाट्याला येतं. मागचे दोन दिवस कुणाच्या गणतीत नसतात. जेवणं झाल्यावर ओट्याच्या टाइल्सवर उडालेलं तांबडं तेल आणि मिक्सरच्या पात्याखाली अडकून सुकलेलं वाटण, जे जुन्या ब्रशने खरवडल्याशिवाय निघत नाही, तेही नसतं. घंटागाडीचंही तसंच. सकाळी गाणं वाजलं की बादली घेऊन खाली जाणारा दिसतो. ओला-सुका कचरा दिवसभर वेगळा ठेवणारी दिसत नाही.

हे माझ्या एकटीच्या घरचं रडगाणं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांमध्ये बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. म्हणजे पावणेपाच तासांच्या वर आणि इकडे दीड तासही नाही. त्यातही ही सरासरी घरकाम केलेल्यांचीच आहे, अजिबात न करणारे तिच्यात धरलेले नाहीत. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषांनी उचलली म्हणून नाही, कारण त्यांचीही नऊ कमीच झाली. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे हे स्पष्ट सांगितलं, तेव्हा २०१९ च्या याच सर्वेक्षणाचा आधार घेतला होता. पण जिच्या अपघाती मृत्यूच्या भरपाईचा तो खटला होता, ती बाई तेव्हा जिवंत नव्हती. हे वाचल्यापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

"पुरुषांच्या लक्षातच येत नाही गं, त्यांचा स्वभावच तसा" असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या दिंडोरीकडची बाग दाखवेन. माझा भाऊ द्राक्षं करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आलं की त्याला झोप लागत नाही. पहाटे उठून पानं उलटी करून बघतो, मागच्या बाजूला पांढरी बुरशी दिसतेय का, डावणी आलीय का. पाऊस फुलोऱ्यात गाठणार असं वाटलं तर उजाडायच्या आत ट्रॅक्टर काढतो. त्याला कुणी यादी करून देत नाही. फवारणी करून आल्यावर कुणी शाबासकी द्यावी म्हणून तो दारात थांबत नाही, कारण बाग त्याची आहे. एवढी बारीक नजर असलेल्या माणसाला घरातलं तेल संपत आलेलं दिसत नाही, हे मी मानायला तयार नाही. दिसतं. पण घर आपल्या हवाली आहे असं त्याला वाटत नाही, म्हणून नजर तिकडे वळत नाही. आणि बागेत घडांची विरळणी करताना दिवसभर मान वर करून, हात उंचावून कात्री चालवणारी वहिनी असते, तीच नंतर घरी येऊन भाकरी थापते. गावात मात्र "यंदा त्याची बाग चांगली आली" असंच बोललं जातं.

मुलांच्या बाबतीत आपण हे लहानपणापासून करतो. पाहुणे आले की "आमचा बाळ्या चहा काय झकास करतो" असं चारचौघांत सांगायचं. तोच चहा मुलगी रोज करते, तेव्हा कुणाला सांगावंसं वाटत नाही.

मला कौतुक नको आहे असं कृपया समजू नका. भाजी चांगली झाली तर सांगावं, तिने सांगावं, त्यानेही सांगावं. आपोआप निघालेला चांगला शब्द घरात हवाच. पण दिवसभर ओट्याशी राबणारीला तो वर्षानुवर्षं मिळत नाही आणि एकदा ओटा पुसणारा तो मागून घेतो, हे अन्यायाचं आहे.

हे सगळं मी नवऱ्याशी बोलले. तो भांडला नाही. त्याने विचारलं, "मग मी केलेलं बरोबर झालं की नाही, ते मला कळायचं कसं?" त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. आपल्याकडे पुरुषाने धुतलेलं पातेलं घरातली बाई उलटून बघते, नाही पटलं तर त्याच्यादेखत पुन्हा घासते. डाळीचा डबा चुकीच्या फळीवर गेला की हाक मारून बोलावते. असं असेल तर तो कायम परीक्षेला बसल्यासारखाच राहणार आणि निकाल विचारत राहणार. त्याला मालकी द्यायची असेल तर ती पूर्ण द्यायला हवी, चुका करायच्या मुभेसकट.

म्हणून आता मंगळवार आणि गुरुवारचं रात्रीचं जेवण त्याच्याकडे आहे. फक्त करणं नाही. काय करायचं ते ठरवणं, भाजी आणणं, तेल-मीठ संपत आलं का बघणं, शेवटी ओटा आणि मिक्सर धुणं, सगळं. सासूबाईंना मी सांगितलं, "आई, त्या दोन दिवशी आपण स्वयंपाकघरात जायचं नाही." त्यांना ते जड गेलं, अजूनही जातं. एकदा कुकरची रिंग नीट बसली नव्हती, बाजूने वाफ जात राहिली, आई दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या. रिंग काढून परत बसवायची हे त्याचं त्यालाच सुचलं. भात व्हायला रात्रीचे साडेनऊ वाजले. मुलं तोवर चिवडा खात बसली होती. आता गुरुवारी कुकर लावायच्या आधी तो रिंग हाताने चाचपून बघतो, आणि मागच्या महिन्यात ती सैल झाली तेव्हा नवी घेऊन आला. मला हे कुकर उघडल्यावर कळलं.