ध्यास कोणासाठी, छंद कोणासाठी

घरच्यांशी बोलताना भाचरांच्या भविष्याचा विषय निघाला की एक वाद हमखास पेटतो. एक बाजू म्हणते, एकाच गोष्टीचा ध्यास घ्या. नाहीतर एक ना धड, भाराभर चिंध्या. दुसरी म्हणते, आयुष्य एकदाच मिळतं. गा, डोंगर चढा, चित्रं काढा. दूर राहून हे ऐकताना मला वाटतं, दोन्ही बाजूंना बघणारं कोणीतरी हवं असतं. एकीला नाव कमवायचं असतं, दुसरीला ‘हिला काय काय येतं!’ हे ऐकायचं असतं.

परदेशात बघणारंच कोणी उरत नाही. तुम्ही आधी कोण होतात, याच्याशी सुरुवातीला कोणाला देणंघेणं नसतं. तेव्हा टिकतं ते कोणी बघत नसतानाही आपण करत राहतो तेच. माझ्यासाठी ते गाणं होतं. दिवस कितीही परका गेला, तरी रियाजाला बसलं की मी माझ्या जागी असे.

पण रियाजाने माणसं मिळाली नाहीत. ती मिळाली डोंगर चढताना आणि हौशी चित्रवर्गात, जिथे मी अजून नवशिकीच आहे. भाषा अडखळत असताना सोबतीने काहीतरी करायला मिळणं फार मोलाचं असतं. त्यात आपल्याला फारसं येत नसलं तर बरंच; शिकणाऱ्याला मदत करायला कोणीही पुढे येतं.

ध्यासवाले दहा हजार तासांच्या सरावाचा दाखला देतात. तो आकडा १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या, बर्लिनमधल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून आला. सर्वोत्तम विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या सरावाची ती साधारण सरासरी होती. तेवढे तास भरले की कोणीही निष्णात होतो, असं त्यात कुठे नव्हतं. तीच मुलं झोपही जास्त घेत, हे मात्र वादात कोणी काढत नाही.

मला विल्यम हर्शेल जास्त पटतो. जर्मनीतून विशीच्या आत इंग्लंडला आलेला हा माणूस पोटासाठी वादक आणि संगीतशिक्षक होता. संगीतशास्त्रावरचं एक पुस्तक आवडलं म्हणून त्याच लेखकाचं प्रकाशशास्त्रावरचं पुस्तक त्याने वाचायला घेतलं, मग घरीच दुर्बिणींचे आरसे घासायला लागला. १७८१ मध्ये त्याला युरेनस दिसला, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी राजाकडून वेतन सुरू झालं आणि संगीताचा व्यवसाय सुटला. त्याचा ध्यास छंदातून आला, आणि तोही चाळिशीत.

त्याची बहीण कॅरोलिन गायिका म्हणून नाव मिळवू लागली होती. भावाच्या कामापायी तिचं गाणं थांबलं. १७८६ मध्ये तिने पहिला धूमकेतू शोधला, पुढे आणखी काही. थोर काम, यात शंका नाही. पण तिचा ध्यास आधी दुसऱ्या कोणाचा तरी होता.

दहा वर्षांच्या भाचीने आता एकच काहीतरी ठरवावं, असं घरात चाललंय, तेव्हा मला कॅरोलिन आठवते. म्हणून या वादात मी भाचीच्या बाजूने आहे. तिला पोहणं, बुद्धिबळ आणि बासरी तिन्ही हवंय, आणि तिन्ही चालू राहावं. प्रमाणपत्रं आणि परीक्षा मात्र तिन्हींतून काढून टाका.